डेव्हिड ससून



काही वर्षांपूर्वी धाकट्या जावेच्या दुखण्यासाठी मी सालेकशाहून पुण्यास गेले. पंधरा दिवस ससून रुग्णालयाच्या आवारात काढले. तेव्हा मनात आले, ज्याच्या नावाच्या छायेत आपण बसलो आहोत तो हा ससून कोण? घरी परतल्यावर मिळेल ते वाचले. तेच आज मंडळाच्या वर्धापनदिनी सांगते.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादच्या एका प्रतिष्ठित यहुदी घराण्यात झाला. वडील तेथील सुभेदाराचे खजिनदार होते. पुढे दाऊद पाशाच्या अमलात यहुद्यांचा छळ सुरू झाला, तेव्हा ससून यांना रातोरात जन्मगाव सोडावे लागले. इराणातील बुशहर बंदरात काही काळ काढून 1832 च्या सुमारास ते मुलाबाळांसह मुंबईस आले.

येथे त्यांनी कापडाचा व्यापार मांडला. विलायती कापड व सूत इराणच्या आखाताकडे पाठवावे आणि तिकडचा माल इकडे आणावा, असा तो धंदा. आठ मुलगे होते. ते हाताशी येताच त्यांना निरनिराळ्या पेढ्यांवर धाडले. 1844 साली एलियास चीनला गेला. कापसानेही पेढीला पुष्कळ पैसा दिला. पण स्वतः ससून यांनी अरबी पोशाख कधी सोडला नाही. 1853 साली ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा सही केली ती हिब्रूत.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. चीनशी त्यांचा अफूचाही व्यापार होता. त्या काळी ब्रिटिश अमलात तो कायद्याने चाले, तरी त्या अफूने तिकडचे किती संसार धुळीस मिळवले असतील! दारूपायी मोडलेली घरे आपण पाहिली आहेत. आपल्याला ते निराळे सांगायला नको.

त्याच पैशातून 1857 साली मुंबईत वाट चुकलेल्या मुलांसाठी सुधारगृह निघाले, 1861 साली भायखळ्याचे सिनेगॉग उभे राहिले. पुण्याच्या रुग्णालयास त्यांनी देणगी दिली. इमारत मात्र 1867 साली पुरी झाली. ती पाहण्यास ते नव्हते. 1864 च्या नोव्हेंबरात पुण्यातच त्यांचा अंत झाला. तेथील लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी आहे.

दानाने अफूचा डाग पुसला जातो, असे मला वाटत नाही. पण त्या रुग्णालयातून माझी जाऊ पायांनी चालत घरी आली, हेही खरे आहे. माहेर तुटलेल्या माणसाने परक्या गावाला आपले म्हटले आणि त्या गावासाठी काही मागे ठेवले. एवढे त्यांच्याकडून घ्यावे. आणि पैसा मिळवताना कोणाचे घर मोडत नाही ना, हे मात्र आपण आपले पाहावे.