सर हर्बर्ट एडवर्ड्स, पेशावरचे कमिशनर

साहेबाच्या राज्यामुळे तुम्ही ख्रिस्ती झालात, असा टोमणा आपल्या वाडवडिलांनी ऐकिला व गावच्या चावडीवर आपणही कधी कधी ऐकतो. सरकारचा अधिकार व प्रभूचे शुभवर्तमान ह्यांचा संबंध काय असावा, हा विचार म्हणूनच आपणांस टाळता येत नाही. त्यासाठी आज आम्ही पेशावरचे कमिशनर सर हर्बर्ट एडवर्ड्स ह्यांचे चरित्र प्रिय वाचकांपुढे ठेवितो.

त्यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1819 रोजी इंग्लंडातील फ्रोड्सली गावी झाला. वडील तेथील पाळक होते. परंतु आईबापांचे छत्र बालपणीच हरपले. 1841 साली ते कंपनी सरकारच्या बंगालच्या फौजेत अधिकारी होऊन हिंदुस्थानात आले. 1845 साली शिखांशी झालेल्या मुदकीच्या लढाईत ते जखमी झाले. पुढे लाहोरचे रेसिडेंट हेन्री लॉरेन्स ह्यांचे ते मदतनीस झाले व त्यांच्याच हाताखाली राज्यकारभार शिकले.

1847 साली त्यांस सिंधु नदीपलीकडे बन्नूच्या खोऱ्यात पाठविण्यात आले. तेथील पठाणांचा सारा थकला म्हणजे शीख दरबारची फौज येई, लूट करी व परत जाई. त्यामुळे गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या होत्या. एडवर्ड्स ह्यांनी प्रथम आपल्याच फौजेस लूट करण्याची मनाई केली व घेतलेल्या जिनसांचे पैसे देण्याची ताकीद दिली. मग गढ्या पाडण्याचा हुकूम सुटला. सुमारे 400 गढ्या गावकऱ्यांनी आपल्याच हातांनी जमीनदोस्त केल्या; एक गोळीही झाडावी लागली नाही. हे वाचून यरीहोच्या तटाची आठवण होईल. तथापि शेजारी फौज तळ देऊन होती हेही आम्ही सांगितले पाहिजे. भय व न्याय ह्या दोहोंनी मिळून ते काम केले.

1848 साली मुलतानात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. तेव्हा एडवर्ड्स ह्यांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता पठाणांची फौज जमविली आणि दिवाण मूलराज ह्याच्या सैन्यास हरविले. 29 मार्च 1849 रोजी पंजाब कंपनीच्या राज्यात सामील झाला. 1853 साली पेशावरचे कमिशनर मॅकेसन ह्यांचा खून झाला व ती जागा एडवर्ड्स ह्यांस मिळाली. अफगाणिस्तानचे अमीर दोस्त महंमद ह्यांच्याशी 1855 व 1857 साली जे तह झाले, ते त्यांच्याच खटपटीचे फळ होय.

मॅकेसन साहेबांनी पेशावरात मिशन येऊ दिले नव्हते. सरहद्द पेटेल अशी त्यांस भीती होती. एडवर्ड्स ह्यांनी 19 डिसेंबर 1853 रोजी स्वतः अध्यक्ष होऊन मिशनसाठी सभा भरविली. तेथे त्यांनी मांडलेला विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. लोकांस ख्रिस्ती करणे हे सरकारचे काम नव्हे. ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे खाजगी कर्तव्य आहे, असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे वर्गणी जमली. 1855 साली रॉबर्ट क्लार्क व डॉक्टर फांडर हे चर्च मिशनचे उपदेशक तेथे आले व शाळा निघाली.

आता जे सांगणे कठीण, तेही सांगतो. 1857 च्या बंडात 22 मे रोजी पेशावरच्या पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. 10 जून रोजी 40 शिपायांस तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या वेळी पेशावरचा मुलकी अधिकार एडवर्ड्स ह्यांच्या हाती होता. बंडानंतर सरकारी शाळांतून बायबल शिकवावे असे मतही त्यांनी मांडिले. म्हणजे चार वर्षांपूर्वी जी मर्यादा त्यांनी स्वतः आखिली, तिच्यापलीकडे ते गेले. जॉन लॉरेन्स ह्यांनी त्यांच्या पुष्कळ सूचना मान्य केल्या नाहीत, हे आमच्या मते बरेच झाले.

23 डिसेंबर 1868 रोजी लंडनमध्ये एडवर्ड्स निजधामास गेले. पेशावरात 1900 साली निघालेल्या मिशन कॉलेजास त्यांचे नाव देण्यात आले. इंग्रजांचे राज्य 1947 साली गेले. परंतु राज्याबरोबर पेशावरातील ख्रिस्ती मंडळी नाहीशी झाली नाही. तिचा पाया कमिशनरच्या कचेरीत नव्हता, हे ह्यावरून दिसते.

गावोगावच्या उपदेशक बंधूंनो, आपल्या हाती तोफ नाही; पण शाळेतला दाखला आहे, मिशनची मदत आहे, मामलेदाराची ओळख आहे. ह्यांचे भय किंवा आमिष दाखवून कोणास बाप्तिस्म्यास आणू नये. एडवर्ड्स साहेबांची 1853 सालची वाणी आपण धरावी, त्यांचा 1857 सालचा हात सोडावा; आणि टोमणा मारणाऱ्यास आपल्या चालीने उत्तर द्यावे.