हॉरेस मॅन : लोकांच्या शाळेचा कैवारी

घंटा झाली कीं आपण वर्गांत जातों, पाठ टेकून बांकावर बसतों, शिकविण्याची विद्या शिकून आलेले शिक्षक समोर उभे राहतात, आणि वर्षाच्या अखेरीस छापील प्रश्नपत्रिका हातांत पडते. सूर्य उगवतो तशाच या गोष्टी आपोआप घडतात असें विद्यार्थ्यांस वाटत असल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु यांतील एकेका गोष्टीसाठीं कोणी ना कोणी भांडलेला आहे. अमेरिकेंतील मॅसाच्युसेट्स राज्यांत असें भांडणाऱ्या एका पुरुषाची हकीकत येथें सांगावयाची आहे. तें राज्य आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस अगदींच परकें नाहीं. १८१३ सालीं मुंबईस आलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी ज्या मंडळानें धाडले, त्याचें ठाणें याच राज्याच्या राजधानींत, बोस्टन शहरीं होतें. मुंबईंत या मिशनची पहिली शाळा निघाली, त्या सुमारास आपला चरित्रनायक बापाच्या शेतावर राबत होता व कॉलेजचें दार आपणांस कधीं उघडेल काय या विवंचनेंत होता.

हॉरेस मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजीं फ्रँकलिन या लहानशा गांवीं झाला. बेंजामिन फ्रँकलिन या थोर पुरुषाचें नांव गांवानें घेतलें होतें, आणि त्या मानाच्या मोबदल्यांत देवळाच्या शिखरासाठीं त्यानें एक घंटा द्यावी अशी गांवकऱ्यांची इच्छा होती. फ्रँकलिननें घंटेऐवजीं पुस्तकें पाठविलीं. एकूण ११६ ग्रंथ होते. बहुतेक इतिहासाचे व धर्माचे, मुलांच्या हातीं द्यावे असे नव्हेत. तरी हॉरेसनें ते वाचले, कारण दुसरें वाचावयास कांहीं नव्हतें. घर शेतकऱ्याचें, गरिबीचें. टोप्यांसाठीं गवताच्या वेण्या विणून घरांतील मंडळी चार पैसे मिळवीत, आणि त्या कामास मुलांचेहि हात लागत. शाळा वर्षांतून जेमतेम आठ-दहा आठवडे, तीहि हिवाळ्यांत, शेतीचीं कामें बंद असत तेव्हां. पंधरा वर्षांचा होईपर्यंत याहून अधिक शाळा त्यास कोणत्याच वर्षीं मिळाली नाहीं. १८०९ सालीं बाप वारला. हॉरेस तेव्हां तेरा वर्षांचा होता.

पुढच्याच वर्षीं घरावर दुसरा घाला पडला. त्याचा भाऊ स्टीफन एका रविवारीं उपासनेस न जातां पोहावयास गेला आणि बुडून मेला. गांवचे पाळक नथॅनएल एमन्स हे मोठे विद्वान, परंतु त्यांची शिकवण फार कठोर होती. अंत्यविधीच्या वेळीं त्यांनीं उपदेशाचा विषय घेतला तो पश्चात्तापावांचून मरणाऱ्या तरुणांच्या गतीचा. समोर ती विधवा आई बसली होती. हॉरेसनें तिचा हुंदका ऐकला, आणि त्या दिवसापासून त्याचें मन त्या पंथापासून जें उडालें तें कायमचें. पुढें तो युनिटेरियन मंडळींत गेला. त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. पण मृत मुलाच्या आईसमोर काय बोलावें व काय बोलूं नये, हें ज्या उपदेशकास कळलें नाहीं त्याचाहि यांत वांटा आहे, असें मला वाटतें.

वयाच्या विसाव्या वर्षीं गांवांत एक फिरता शिक्षक आला. लॅटिन व ग्रीक या भाषांत तो निष्णात होता. त्याजपाशीं सुमारें सहा महिने रात्रंदिवस अभ्यास करून हॉरेस १८१६ सालीं शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यांतील प्रॉव्हिडन्स येथें ब्राउन विद्यापीठांत एकदम दुसऱ्या वर्षांत दाखल झाला, आणि १८१९ सालीं पहिल्या क्रमांकानें बाहेर पडला. या घाईच्या अभ्यासानें प्रकृति मात्र जन्मभर अधू झाली. पुढें वकिली, कायदेमंडळाचें सभासदत्व, सेनेटचें अध्यक्षपद हीं पायरीपायरीनें आलीं. वूस्टर येथें वेड्यांसाठीं सरकारी रुग्णालय त्यांच्याच खटपटीनें झालें. तोंवर अशा दुर्दैवी लोकांस तुरुंगांत डांबून ठेवीत. १८३२ सालीं पत्नी शार्लट लग्नानंतर दोन वर्षांच्या आंतच वारली, आणि भावाच्या बुडालेल्या धंद्याचें कर्जहि डोक्यावर आलें. कित्येक दिवस ते कचेरींतच झोपत व एकवेळ जेवत.

अशा स्थितींत १८३७ सालीं राज्याच्या नव्या शिक्षण मंडळाचे पहिले चिटणीस म्हणून त्यांना बोलावणें आलें. वेतन वर्षाला १५०० डॉलर. अधिकार म्हणाल तर शून्य. शाळांची माहिती गोळा करावी व ती लोकांपुढें मांडावी, एवढेंच काम. सेनेटचा अध्यक्ष असली जागा पत्करतो हें पाहून मित्रांनीं कपाळाला हात लावला. मॅन यांनीं वकिली सोडली व घोड्यावर बसून राज्यभर शाळा पाहत हिंडूं लागले.

त्यांना दिसलें तें असें. रस्त्याच्या कडेला, कोणाच्याहि उपयोगी न पडणाऱ्या जागेवर एक खोली. बांकांना पाठ नाहीं. लहान मुलांचे पाय जमिनीला न टेकतां दिवसभर लोंबकळत. मध्यें शेगडी, तिच्याजवळचीं मुलें भाजून निघत आणि भिंतीकडचीं थंडीनें कुडकुडत. शिक्षक म्हणजे हिवाळ्यापुरता नेमलेला कोणीहि, ज्याला थोडेंफार लिहितां-वाचतां येतें व दांडगटांस धरून आपटतां येतें. श्रीमंतांचीं मुलें फी घेणाऱ्या खाजगी शाळांत जात, म्हणून गांवच्या शाळेचें काय होतें याची श्रीमंतांस फिकीर नव्हती. याच्या उलट मॅन यांचा विचार : ज्याच्याजवळ मालमत्ता आहे त्यानें कर द्यावा, मग त्याला मूल असो वा नसो, आणि त्या पैशावर गरिबाचें व श्रीमंताचें मूल एकाच बांकावर शिकावें. पिट्सफील्ड गांवीं शिक्षकांचा मेळावा भरावयाचा होता, आणि खोली झाडलेली सुद्धां नव्हती. तेव्हां राज्याचे गव्हर्नर ब्रिग्ज व मॅन या दोघांनीं स्वतः केरसुणी घेतली व खोली झाडून काढली.

चांगली शाळा पाहिजे तर आधीं चांगला शिक्षक पाहिजे, म्हणून ३ जुलै १८३९ रोजीं लेक्सिंग्टन येथें शिक्षक तयार करणारी अमेरिकेंतील पहिली सरकारी नॉर्मल शाळा उघडली. पहिल्या दिवशीं प्रवेशास आल्या अवघ्या तीन मुली! दुसऱ्याच वर्षीं सबंध शिक्षण मंडळच बरखास्त करावें असा ठराव कायदेमंडळांत आला. १८२ विरुद्ध २४५ मतांनीं तो फेटाळला गेला. शाळा मात्र वाढली, आणि १८४४ सालीं ती वेस्ट न्यूटन येथें आली. बोस्टनहून वूस्टरकडे जाणारी आगगाडी या खेड्यांतून जात असे, आणि जसजशी गाडी सोयीची झाली तसतसें न्यूटन हें राजधानीचें उपनगर बनत चाललें. मॅन यांनींहि तेथें घर बांधलें. नॉर्मल शाळेंत एक कृष्णवर्णी मुलगी दाखल झाली तेव्हां गांवांत तिला कोणी बिऱ्हाड देईना; मॅन दांपत्यानें तिला आपल्या घरीं ठेवून घेतलें. मात्र बोस्टन शहरांत कृष्णवर्णी मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि त्याविरुद्ध मॅन यांनीं उघडपणें आवाज उठविला नाहीं, म्हणून गुलामगिरीचे कडवे विरोधक वेंडेल फिलिप्स यांनीं त्यांच्यावर कडक टीका केली. ती टीका खोटी म्हणतां येत नाहीं. शाळांसाठीं मतें गमावूं नयेत म्हणून ते गप्प राहिले. वेगळ्या शाळा १८५५ सालीं कायद्यानें बंद झाल्या.

१८४३ च्या मे महिन्यांत त्यांनीं मेरी पीबडी हिच्याशीं दुसरा विवाह केला, आणि लग्नाची सहल म्हणून दोघें युरोपांतील शाळा व तुरुंग पाहावयास गेलीं! परत आल्यावर सातव्या वार्षिक अहवालांत मॅन यांनीं प्रशियाच्या शाळांचें वर्णन केलें. सहा आठवडे हिंडूनहि शिक्षकानें मूल मारलेलें किंवा मूल रडतांना त्यांना दिसलें नव्हतें. हें छापून येतांच बोस्टनचे एकतीस मास्तर खवळले. त्यांनीं १८४४ सालीं एक पुस्तक काढून मॅन यांना झोडपलें : हा मनुष्य शाळेंत शिकवीत नाहीं, शिस्त म्हणजे काय हें त्याला काय ठाऊक? मॅन यांनीं उत्तर दिलें, मास्तरांनीं प्रत्युत्तर दिलें, मॅन यांनीं पुन्हां उत्तर दिलें. दोन्ही बाजूंनीं तोंडसुख पुष्कळ घेतलें गेलें. प्रस्तुत लेखकाच्या मेजावरहि कित्येक वर्षें छडी असे, आणि ती निव्वळ शोभेची नसे. म्हणून त्या एकतीसांची बाजू मी समजूं शकतों. साठ-सत्तर मुलांच्या वर्गापुढें दुपारीं तीन वाजतां उभें राहणें निराळें व अहवाल लिहिणें निराळें. तथापि छडी मेजाच्या खणांत गेल्यावर माझा वर्ग बिघडला नाहीं, हेंहि मला कबूल केलें पाहिजे.

या भांडणांतून एक गोष्ट अशी निघाली कीं ती ऐकून विद्यार्थी कदाचित् मॅन यांच्यावर रागावतील. तोंवर बोस्टनच्या शाळांत परीक्षा तोंडी होत. पाहुणे येत, हुशार मुलें पुढें उभीं केलीं जात, सगळे टाळ्या वाजवीत. १८४५ सालीं मॅन यांचे स्नेही डॉक्टर हौ व इतर परीक्षकांनीं छापील प्रश्न काढून सर्व मुलांकडून एकाच वेळीं उत्तरें लिहून घेतलीं. निकाल पाहून शहराची मान खालीं गेली, आणि कांहीं मास्तरांस जागा सोडाव्या लागल्या.

धर्मशिक्षणाचाहि वाद होता. सरकारी शाळेंत पवित्र शास्त्र वाचावें, परंतु कोणत्याहि पंथाचें विवरण करूं नये, असें मॅन यांचें धोरण. कट्टर प्रॉटेस्टंटांस तें अधर्मी वाटलें. आणि वाचावयाचें भाषांतर प्रॉटेस्टंटांचेंच असल्यामुळें आयरिश कॅथॉलिक आईबापांस तें पक्षपाती वाटलें. नाना धर्मांचीं मुलें ज्या शाळेंत एकत्र बसतात तेथील शिक्षकास हा प्रश्न पुस्तकांतला नाहीं, रोजचा आहे. मॅन यांचें उत्तर मला पुरेसें वाटत नाहीं. परंतु दुसऱ्याच्या मुलाचें मन हा आपला मुलूख नव्हे, ही त्यांची जाणीव खरी होती; भावाच्या शवपेटीपाशीं ती त्यांना झाली होती.

बारा वर्षांत त्यांनीं बारा अहवाल लिहिले. सुमारें पन्नास नवीं हायस्कुलें निघालीं, शिक्षकांचें वेतन दीडपटीहून अधिक झालें, शाळा वर्षांतून निदान सहा महिने तरी भरूं लागली. १८४८ सालीं ते राष्ट्रीय काँग्रेसांत गेले व गुलामगिरीविरुद्ध लढले. १८५३ सालीं ओहायो राज्यांतील अँटिऑक या नव्या कॉलेजचे ते अध्यक्ष झाले. तेथें मुलगे व मुली एकत्र शिकत, कृष्णवर्णी विद्यार्थ्यांसहि प्रवेश असे, आणि त्यांची भाची रिबेका पेनेल, जी लेक्सिंग्टनच्या पहिल्या तुकडींत शिकली होती, ती पुरुषांच्या बरोबरीनें प्राध्यापक होती. पैसा मात्र कधींच पुरला नाहीं. १८५९ सालीं कॉलेज कर्जापायीं लिलावांत निघालें. त्या उन्हाळ्यांत पदवीदान समारंभाचें भाषण करून मॅन जे अंथरुणास खिळले ते २ ऑगस्टला वारले. मागाहून त्यांचा देह प्रॉव्हिडन्सला नेऊन शार्लटशेजारीं पुरला.

त्याच १८५९ सालीं, ते जेथें राहत त्या न्यूटन गांवानें लोकांच्या कराच्या पैशावर आपलें सार्वजनिक हायस्कूल उघडलें.