उरलेल्या वेळेचे भांडवल

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे नाव निघाले की ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचे पाच खंड आणि त्यांची साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे डोळ्यांपुढे उभी राहतात. एवढे काम करणारा मनुष्य पोटापाण्याच्या विवंचनेतून मुक्त असला पाहिजे, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. आयुष्याचा फार मोठा काळ काण्यांनी ही ग्रंथरचना व्यवसाय सांभाळून उरलेल्या वेळात केली.

१८८० साली रत्नागिरी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. वडील दापोलीस वकिली करीत. एम. ए. झाल्यावर १९०४ मध्ये काणे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात आले. नोकरीत असतानाच त्यांनी कायद्याची परीक्षा दिली आणि १९११ साली नोकरी सोडून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. १९१७ ते १९२३ या काळात ते लॉ कॉलेजात अध्यापनही करीत. त्यातच पोटातील व्रणाचे जुने दुखणे होते. स्वस्थता आणि सवड यांची वाट पाहावयाची, तर पहिले प्रकरणही लिहून झाले नसते.

मग हे घडले कसे? वेळेची टंचाई त्यांनाही होती, परंतु त्यांनी वेळेचे तुकडे निरनिराळ्या दिशांना उधळले नाहीत. शिक्षक या नात्याने त्यांनी ‘साहित्यदर्पणा’ची आवृत्ती सिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेतूनच पुढे संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास आकारास आला. न्यायालयात हिंदू कायद्याचे प्रश्न पुढे येत आणि त्या कायद्याची मुळे धर्मशास्त्राच्या ग्रंथांत होती. ‘व्यवहारमयूखा’चे संपादन करताना प्रस्तावनेसाठी जमविलेली सामग्री इतकी वाढली की, तिला स्वतंत्र ग्रंथाचे रूप देणे भाग पडले. एका कामाचे फलित हेच दुसऱ्या कामाचे भांडवल झाले.

एक काम सोडून दुसरे हाती घेताना मनाला पुन्हा पहिल्यापासून वाट काढावी लागते. हा खर्च कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही, परंतु दिवसाचा मोठा भाग तोच खातो. काण्यांचा विषय एकच राहिल्यामुळे हा खर्च त्यांना कमी पडला. काल जेथे टिपण थांबले, तेथूनच ते आज पुढे सुरू होई. एकाग्रता म्हणजे सलग दहा तासांची बैठक नव्हे. खंडित तासांतही अखंड राहिलेला विषय, हा तिचा खरा अर्थ त्यांच्या चरित्रातून दिसतो.

तथापि, याची किंमत काळाच्या रूपाने द्यावी लागली. पहिला खंड १९३० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला, तेव्हा काणे पन्नाशीचे होते. दुसरा खंड निघण्यास १९४१ साल उजाडले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९४७ ते १९४९) आणि १९५३ पासून राज्यसभेचे सदस्यत्व या जबाबदाऱ्या मध्येच आल्या, तरी काम थांबले नाही. चौथ्या खंडाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ मध्ये बाहेर पडला, तेव्हा त्यांनी वयाची ब्याऐंशी वर्षे गाठली होती. १९६३ साली ‘भारतरत्न’ मिळाले आणि १९७२ साली त्यांचे निधन झाले.

प्रत्येकाला काण्यांची बुद्धिमत्ता लाभत नाही, हे खरेच. परंतु कचेरीतून किंवा वर्गातून परतल्यावर उरणारा तास-दीड तास पुष्कळांपाशी असतो. तो अपुरा म्हणून टाकून दिला जातो, नाहीतर दररोज नव्या संकल्पावर खर्ची पडतो. शिल्लक लहान असली तरी ती एकाच खात्यात नियमाने जमा होत गेली, तर तिचे काय होऊ शकते, याचा पुरावा हे पाच खंड आजही देत आहेत.