हेन्री टर्नर

हेन्री ह्यूबर्ट टर्नर (१८९२ - १९७०) हे अमेरिकन अंतःस्रावी ग्रंथितज्ज्ञ आणि ओक्लाहोमा विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. स्त्रियांमधील टर्नर सिंड्रोम ही जन्मजात अवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

संशोधन

१९३८ साली टर्नर यांनी सात तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खुंटलेली उंची, मानेच्या दोन्ही बाजूंना त्वचेचे पडदे, कोपरापासून बाहेर वळलेले हात आणि वयात न येणे ही लक्षणे त्यांनी एकत्र मांडली. दोष पिट्युटरी ग्रंथीत असावा हा त्यांचा तर्क मात्र चुकीचा ठरला. दोन एक्स गुणसूत्रांऐवजी एकच असणे हे कारण त्यांच्या हयातीतच, १९५९ मध्ये, चार्ल्स फोर्ड व सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत या अवस्थेचा संकेतांक क्यू९६ आहे. उपसंकेतांक गुणसूत्रतपासणीवरून ठरतो. सर्व पेशींत एकच एक्स असल्यास क्यू९६.० व प्रकार निश्चित नसल्यास क्यू९६.९ लिहितात. तीन एक्स असलेल्या स्त्रीची नोंद क्यू९७.० अशी होते. बाह्यतः सारखा दिसणारा नूनन सिंड्रोम यातून वगळला आहे. निदान वेळीच झाल्यास मुलीला वाढीचे संप्रेरक व इस्ट्रोजेन देता येते आणि हृदयातील दोषही तपासता येतात.