कमल रणदिवे

कमलताईंचा जन्म १९१७ मध्ये पुणे येथे झाला. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा. पण त्या रमल्या सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींत. पुढे अमेरिकेत जॉर्ज गे यांच्याजवळ काचपात्रात पेशी वाढविण्याची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईस परतल्यावर भारतातील तशी पहिली प्रयोगशाळा उभारली.

दर विभाजनागणिक पेशीतील गुणसूत्रांची टोके थोडीथोडी झिजतात. ती फार आखूड झाली, की विभाजन थांबते. कर्करोगाच्या बहुतेक पेशी मात्र एका विकराच्या साह्याने झिजलेली टोके पुन्हा भरून काढतात आणि वाढतच राहतात. ते विकर शास्त्रज्ञांना गवसले १९८४ मध्ये. तोवर अशा न थांबणाऱ्या पेशींचा शोध घेण्यात कमलताईंची कितीतरी वर्षे गेली होती.