डॉ. लूसी विल्स

गरोदरपणी डॉक्टरीणबाई फॉलिक ॲसिडची जी इवलीशी गोळी लिहून देतात, तिचे मूळ आपल्या परळात आहे, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल. म्हणून स्मरणिकेसाठी मी डॉ. लूसी विल्स यांचे चरित्र निवडले.

लूसीबाईंचा जन्म १८८८ सालचा, इंग्लंडातला. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. पण तेथे त्या काळी स्त्रियांना पदवी देतच नसत. पुढे लंडनला शिकून १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना न थाटता, जेथे मुली डॉक्टरकी शिकत त्या रॉयल फ्री रुग्णालयात त्यांनी गर्भवतींच्या विकारांचे अध्यापन व संशोधन पत्करले.

मुंबईत तेव्हा गिरणगावातील गर्भवती एका विलक्षण पंडुरोगाने दगावत. डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या बोलावण्यावरून १९२८ साली बाई इकडे आल्या व हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. रोगजंतू शोधले, पण तसा काही सापडला नाही. मग या बायका खातात काय, हे त्यांनी पाहिले. मला हेच फार मोलाचे वाटते. आपल्या पानात काय पडते हे घरचीही माणसे क्वचितच विचारतात! फळे, भाजीपाला ज्यांना मिळत नसे, त्यांच्यातच रोग अधिक होता. प्रयोगशाळेत माकडांना तसलेच निकस अन्न दिले, तर त्यांनाही पंडुरोग जडला. मार्माइट दिल्यावर तो हटला. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क. (मी चाखला आहे, चव काही बरी नाही.) पण स्वस्त! तोच रुग्ण स्त्रियांना देताच आधी भूक परतली आणि चौथ्या दिवसापासून रक्त वाढू लागले. १९३१ साली बाईंनी हे प्रसिद्ध केले.

त्या अर्कातले नेमके द्रव्य त्यांना गवसले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळे काढले गेले. गर्भाच्या मणक्यातील व्यंग टाळण्यासही ते उपयोगी पडते, हे १९९१ साली सिद्ध झाले. मात्र त्यासाठी गोळी दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते. सुनांना हे अवश्य सांगावे.

बाईंनी लग्न केले नाही. १९४७ साली रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्यावर त्या चेल्सीत नगरसेविका झाल्या. १९६४ साली त्या निवर्तल्या.