चहाचे मळे लावणारे मणिराम दिवाण

सकाळ झाली की आपल्या गावात घरोघरी चाय होते. पण आपल्या देशात विकण्यासाठी चहाची बाग लावणारा पहिला भारतीय कोण, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यांचे नाव मणिराम दत्त बरुआ. लोक त्यांना मणिराम दिवाण म्हणतात. त्यांची माहिती मी लिहीत आहे.

मणिराम यांचा जन्म १७ एप्रिल १८०६ रोजी आसामात झाला. तेव्हा तेथे आहोम राजे होते. ब्रह्मदेशाच्या सैन्याने आसामवर स्वाऱ्या केल्या. मणिराम यांच्या घरच्यांना पळून इंग्रजांच्या मुलखात जावे लागले. १८२६ साली इंग्रजांनी आसाम घेतला. मणिराम हुशार होते, म्हणून इंग्रजांनी त्यांना नोकरी दिली. पुढे पुरंदरसिंह राजाने त्यांना बरभंडार केले, म्हणजे मोठा कारभारी. हे नाव ऐकून मला आपला भंडाराच आठवला.

आसामच्या जंगलात चहाची झाडे आपोआप उगवत. सिंगफो नावाचे आदिवासी लोक ती पाने कढईत भाजत, उन्हात वाळवत, बांबूच्या नळीत ठासून भरत आणि चुलीच्या धुरावर ठेवत. या लोकांची माहिती मणिराम यांनी १८२३ साली रॉबर्ट ब्रूस साहेबाला दिली, असे सांगतात. तोवर इंग्रज चीनमधून चहा आणत.

१८३९ साली मणिराम आसाम कंपनीचे दिवाण झाले. पगार महिना २०० रुपये. तेव्हा तो लईच होता. तिथे त्यांना चहाच्या मळ्याचे काम समजले.

आता चाय कशी बनते ते सांगतो. झाडाच्या शेंड्याची दोन पाने आणि एक कळी तोडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात, तसेच हे कष्टाचे काम आहे. पाने रात्रभर पसरून सुकवतात, मग चुरगळतात. चुरगळलेली पाने हवेत ठेवली की तांबूस होतात आणि वास सुटतो. वांगे चिरून ठेवले की काळे पडते ना, तसेच. शेवटी गरम हवेत वाळवून चाळतात. मोठी पत्ती वेगळी, भुकटी वेगळी. चार-साडेचार किलो हिरव्या पानांची १ किलो चाय होते.

हिरव्या चहाची पाने तोडल्यावर लवकरच वाफेवर किंवा कढईत गरम करतात, म्हणून ती काळी पडत नाहीत. पांढरा चहा कोवळ्या कळ्या वाळवून करतात. आपल्या दुकानात सुटी मिळते ती दाणेदार चाय. ती दातेरी रुळांच्या यंत्रात कापून करतात. हे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातच निघाले. मणिराम यांच्या वेळी दाणेदार चाय नव्हतीच.

काही वर्षांनी मणिराम यांनी नोकरी सोडली. जोरहाटजवळ चिनामारा येथे आणि सेंगलुंग येथे त्यांनी स्वतःच्या बागा लावल्या. गोऱ्या मळेवाल्यांना हे आवडले नाही. १८५१ साली एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्या सवलती काढून घेतल्या. १८५३ साली त्यांनी लोकांच्या तक्रारींचा अर्ज सरकारला दिला. पण काही झाले नाही.

१८५७ साली ते कलकत्त्याला होते. आसामचे राज्य आहोम राजाला परत मिळावे, अशी त्यांची मागणी होती. तेव्हाच उत्तरेत मोठा उठाव झाला. मणिराम यांनी आसामलाही गुप्त पत्रे पाठवून उठावाची तयारी केली. ती पत्रे इंग्रजांच्या हाती लागली. त्यांना पकडून जोरहाटला आणले. २६ फेब्रुवारी १८५८ रोजी त्यांना आणि पियाली बरुआ यांना लोकांसमोर फाशी दिली. त्यांच्या बागा लिलावात एका गोऱ्याने घेतल्या.

आधी इंग्रजांची चाकरी केली, त्यांना थोर कसे म्हणावे, असा प्रश्न मला पडला होता. पण मला वाटते, त्यांना मोठा पगार होता. गप्प बसले असते तर सुखात राहिले असते. अन्याय दिसल्यावर ते गप्प बसले नाहीत. ज्यांनी इंग्रजांना चहाची वाट दाखवली त्यांनाच इंग्रजांनी फासावर दिले, याचे मला फार वाईट वाटते.

अशा या थोर पुरुषाला माझे शतशः प्रणाम.